तातडीची मदत हवी आहे : सहा महिन्यांत टायर गोटा!

वैतागवाडी : दिवाळीनंतर चारही टायर नवे टाकले. आज पंक्चरवाला म्हणतो, "काका, पुढचा गोटा झालाय, तार दिसतीये." शनिवारी महाबळेश्वरला जायचंय, सोबत म्हातारी माणसं. दुकानदाराशी भांडायला जाऊ का? फक्त माहीतगारांनी लिहावे.

नळस्टॉप : गाडी कोणती? किलोमीटर किती? डावा की उजवा? आतून, बाहेरून की मधोमध?

वैतागवाडी : पुढचा म्हटलं ना. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं.

त्रिकोणी टोपी : नायट्रोजन भरा. मी वर्षानुवर्षं भरतोय, एकही तक्रार नाही.

नळस्टॉप : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो हो. हवा कमी असली तर दोन्ही कडा घासतात, जास्त असली तर मधला पट्टा. म्हणून विचारतोय कुठून घासलाय.

त्रिकोणी टोपी : मग विमानात काय येडे म्हणून नायट्रोजन भरतात?

नळस्टॉप : विमान खंबाटकी चढत नाही.

सदाशिव पेठी : एसटीने जा. स्वारगेटला बसायचं, महाबळेश्वरला उतरायचं. वर पार्किंगची कटकट नाही.

वैतागवाडी : एसटीबद्दल विचारलेलं नाही. डावा. आतली कडा. बाहेरून अजून नवा दिसतो, स्टेअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला तेव्हा कळलं. छोटी हॅचबॅक, टायर टाकल्यापासून नऊ हजार किमी. अलाइनमेंट दोन महिन्यांपूर्वीच केलंय, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

कर्वेनगर : जुना माल गळ्यात मारला असेल. टायरवर शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

गॅरेजकर : जुना टायर तडकतो, एकाच कडेने घासत नाही. काका, तार दिसते ती जागा सोडून टायरवर तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीचे दात लागले, तर टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं, बिघडलाय. दोन्हीकडून गुळगुळीत पण आत उतार, तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल. उंचवटे-खळगे लागले तर शॉकअब्सॉर्बर. आणि अलाइनमेंटचा छापील कागद असेल ना?

वैतागवाडी : गुळगुळीत, आत उतार. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडला. टो आधी लाल, नंतर हिरवा. डावा कॅम्बर आधी उणे २.१, नंतरही उणे २.१. उजवा उणे ०.४. मला फक्त "झालं काका" एवढंच सांगितलं होतं.

गॅरेजकर : हेच. टो जुळवून दिला, कॅम्बर तसाच, म्हणजे डावं चाक वरून आत कललेलंच. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर जुळवायची सोयच नसते, वाकलेला किंवा सैल झालेला भाग बदलावा लागतो. लोअर आर्म, त्याचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रट. गाडी लिफ्टवर घेऊन चाक हलवून बघायला लावा. कुठे आपटली होती का?

वैतागवाडी : माझ्या हातून कधीच नाही.

वैतागवाडी : चिरंजीवांना विचारलं. फेब्रुवारीत नवले पुलाजवळ डिव्हायडरला "जरासं" लागलं होतं. फुटलेली व्हीलकॅप स्वतःच्या पैशानं बदलून आणली म्हणे. ती एकटीच चकचकीत दिसायची, मला वाटलं यानं गाडी धुतली.

कर्वेनगर : 😂 आमच्याकडे बंपर असाच "धुतला" होता.

गॅरेजकर : मग आधी वाकलेला भाग बदला, नंतर टायर, शेवटी अलाइनमेंट. उलट केलंत तर नवा टायरही जाईल. पार्ट नाना पेठेत मिळेल. दुकानदाराशी भांडू नका, त्याची चूक नाही. आणि त्या टायरवर घाट नको, आजच स्टेपनी लावा. स्टेपनीची हवा तरी बघितलीय का कधी?

वैतागवाडी : बघितली आत्ता. बसलीये.

सदाशिव पेठी : 🙂

वैतागवाडी : शनिवारी सकाळची एसटी किती वाजता असते?

त्रिकोणी टोपी : नव्या टायरमध्ये तरी नायट्रोजनच भरा.