डोक्याला मार लागलेल्याला ‘बेवडा’, ‘ढोंगी’, ‘बाधा’ म्हणतात, वाडीला काय सांगावं?

खाडीकाठ: माडावरून पडून, हायवेवरच्या अपघातात डोक्याला जबर मार बसतो. टाके सुकले की लोक धरून चालतात, बरा झाला. मग झोकांडी गेली की ‘पिऊन आलाय’, विसरला की ‘ढोंग’, चिडला की ‘बाधा’. गणपतीआधी वाडीच्या बैठकीत दहा मिनिटं मिळाली आहेत. नेमकं काय बोलू?

चालता_फिरता: ‘पिऊन आलाय’पासूनच सुरुवात करा, सगळ्यात जास्त अपमान त्याने होतो. दारू लहान मेंदूला गुंगवते. तिथेच मार बसला तर फाकलेले पाय, झोकांडी, जड जीभ, सगळं तसंच दिसतं. पण दारू उतरते. ही चाल सकाळी सातलाही तीच. अंधारात, जांभ्याच्या खडबडीत पायऱ्यांवर आणखी बिघडते. पाणंदीच्या उताराला कठडा आणि दिवा एवढं बैठकीत मंजूर करून घ्या.

कातळसडा: ‘वीस वर्षांपूर्वीचं सांगतो, मग सकाळचं कसं विसरतो?’ हे हमखास विचारतील. जुनं आधीच पक्कं झालेलं असतं, दुखावते ती नवं साठवायची ताकद. ‘आळशी’ म्हणणंही चूकच. कपाळामागच्या भागाला इजा झाली की काम येत असतं, पण सुरुवातच होत नाही. ‘पेट्या भर’ म्हटलं की माणूस आंब्यांकडे बघत बसून राहतो. ‘पेटीत पेंढा घाल’ एवढंच सांगा, थांबा. मग ‘खालचा थर लाव’. हात जुन्याच सफाईने चालू लागतात. वीसेक मिनिटांनी विसावा द्या. मेंदू थकला की चिडचिड वाढते. आणि त्याच्यादेखत ‘हा जेवला का?’ असं घरच्यांना विचारू नका. शब्द सापडत नाही म्हणजे कळत नाही, असं नव्हे.

औषधवाला: आकडी मार लागल्यावर काही वर्षांनीही येऊ शकते, ती बाधा नव्हे. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर १०८. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण गोळ्या मनाने बंद करू नका, आकडी उसळते.
दिव्यांगत्वाच्या दाखल्याचंही सांगा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूची इजा वेगळी लिहिलेली नाही. चालणं, वाचा, जे बिघडलंय त्याखाली अर्ज करायचा.

खाडीकाठ: आरतीला बोलवावं का?

कातळसडा: बोलवाच. झांजा आणि दहा आवाज एकदम सोसत नाहीत, म्हणून खळ्यात, कडेला खुर्ची ठेवा. एका आरतीनंतर उठला तर उठू द्या, कारण विचारू नका.