डॅली मेसेंजरने रग्बी युनियन सोडली, यात त्याचं काय चुकलं?

वल्हेकरी:
सिडनीत वडिलांच्या होड्यांच्या कारखान्यात काम करणारा हर्बर्ट हेन्री मेसेंजर, म्हणजे सगळ्यांचा लाडका रग्बीपटू 'डॅली'. ऑगस्ट १९०७ मध्ये अल्बर्ट बास्करव्हिल यांचा न्यूझीलंडचा व्यावसायिक संघ इंग्लंडला जाताना सिडनीत थांबला. डॅली त्यांच्याविरुद्ध खेळला आणि युनियनने, म्हणजे खेळाडूला पैसे घेऊ न देणाऱ्या हौशी रग्बीच्या संघटनेने, त्याला जन्मभरासाठी बाद केलं. त्याचे गुणसुद्धा नोंदींतून काढून टाकले.

हा सरळ अन्याय होता. मैदानं भरत होती, तिकिटांचा पैसा युनियनकडे जमा होत होता. अ‍ॅलेक्स बर्डन खेळताना जायबंदी झाला. पेशाने न्हावी. हातात कात्री धरता येईना म्हणजे कमाई बंद, आणि युनियनकडून भरपाई काही नाही.

जुना प्रेक्षक:
बर्डनचं पटतं. पण त्याची व्यथा डॅलीच्या खात्यावर कशाला? डॅलीच्या घरी चालता धंदा होता. नियम ठाऊक असून तो पैसे ठरवून गेला. वर ज्यांच्याशी आज झुंजला, त्यांचीच जर्सी घालून इंग्लंडच्या दौऱ्यावर! हे मला आजही खटकतं.

वल्हेकरी:
तेव्हा ऑस्ट्रेलियाचा लीगचा, म्हणजे पैसे घेऊन खेळायच्या रग्बीचा, संघ होता कुठे? १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला लीग संघ, 'कांगारू', दौऱ्यावर निघाला, तेव्हा डॅली त्यात होताच. आणि त्याला पळवून नेलं नव्हतं. लीग उभी करणारा जेम्स गिल्टिनन आणि क्रिकेटचा व्हिक्टर ट्रम्पर त्याच्या घरी गेले, आईशी बोलले. तिने होकार दिल्यावरच तो गेला.

सीमारेषा:
मूळ दुखणं १८९५ चं आहे. उत्तर इंग्लंडच्या गिरणी आणि खाणकामगारांची सामन्यापायी रोजंदारी बुडायची. क्लब म्हणाले, तेवढी भरून द्या. युनियनने नकार दिला, म्हणून हडर्सफील्डला फूट पडली आणि त्यातून पुढे लीग आली.

जुना प्रेक्षक:
नोंदी पुसणं चूकच, मान्य. २००७ मध्ये त्या परत घेतल्या, बरं झालं. पण डॅली गेला आणि सिडनीचे प्रेक्षक त्याच्यामागे गेले. १९०९ मध्ये वॉलबीजपैकीही, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या युनियन संघातलेही, बरेच जण लीगकडे वळले. युनियन तिथे कित्येक वर्षं सावरली नाही. ज्या खेळाने नाव दिलं, त्याचं एवढं नुकसान झालं, त्याचं काहीच नाही?

वल्हेकरी:
नाव त्याच्या पायांनी मिळवलं होतं. १९११ च्या एका हंगामात २७० गुण! त्याचा क्लब ईस्टर्न सबर्ब्ज १९११, १९१२, १९१३ असे सलग तीनदा विजेते, आणि मग तो थांबला. पुढे हॉटेल चालवलं, सुतारकामही केलं. पैशासाठी खेळ विकणारा माणूस हातात रंधा घेत नाही.