जुन्या विक्रीकराच्या थकबाकीसाठी पुन्हा अभय योजना आणावी का?

चोपडेकर:
30 जून 2017 पर्यंतच्या, म्हणजे जीएसटीपूर्वीच्या, व्हॅट आणि केंद्रीय विक्रीकराच्या मागण्या खानदेशातील अनेक छोट्या व्यापाऱ्यांच्या नावावर अजूनही उभ्या आहेत. आपला माल बऱ्हाणपूर, सेंधवा, सुरत या बाजूला जात असे. परराज्यातील खरेदीदाराने सी फॉर्म (सवलतीच्या दरासाठी लागणारे त्याचे प्रमाणपत्र) दिला तर 2 टक्के कर, न दिला तर राज्याचा पूर्ण दर, असा तो कायदा होता. फॉर्म देणे मात्र सर्वस्वी खरेदीदाराच्या हाती होते. निर्धारणा, म्हणजे खात्याकडून कर ठरवणे, काही वर्षांनी होई आणि तोवर समोरची पेढी बंद पडली असेल, तर फरकाची रक्कम, व्याज आणि शास्ती (दंड) विक्रेत्याच्या माथी येई. राज्याच्या 2023 च्या अभय योजनेत एका वर्षाची 2 लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली आणि 50 लाखांपर्यंतच्या थकबाकीत 20 टक्के भरून उरलेली माफ करून घेता येत होती. मुदतीत तेवढी रक्कम ज्यांना उभी करता आली नाही, त्यांच्यापैकी काहींच्या सातबाऱ्यावर बोजा आहे आणि त्यामुळे पीककर्जही अडते. योजना पुन्हा आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

धुळेकर:
मी पूर्णपणे असहमत आहे. 2016, 2019, 2022 आणि 2023 अशा चार तडजोड, म्हणजेच अभय, योजना राज्याने आठ वर्षांत आणल्या. पाचवी आली, तर कर वेळेवर भरणे हा मूर्खपणा आहे, असे सरकारच सांगत असल्यासारखे होईल. विक्रीकर ग्राहकाकडून वसूल केलेला असतो. तो व्यापाऱ्याचा पैसा कधीच नव्हता. आमच्या बाजारात दागिने गहाण ठेवून कर भरलेले लोक आहेत. त्यांना कोणती सवलत मिळाली?

करसल्लागार, जळगाव:
धुळेकर दादा, ग्राहकाकडून घेतलेला कर खिशात घालणाऱ्याविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे, परंतु सी फॉर्मच्या फरकाला ते लागू होत नाही. बिलावर 2 टक्केच आकारले होते; उरलेला कर व्यापाऱ्याने कोणाकडूनही घेतलेला नव्हता. दुसरा प्रकार वजावटीचा, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याचा. पुरवठादाराने कर तिजोरीत भरला नसेल, तर खरेदीदाराला त्याची वजावट मिळणार नाही, ही व्हॅट कायद्यातील तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये वैध ठरवली. त्यामुळे पुरवठादाराला एकदा कर देऊन बसलेल्या माणसाला तोच कर पुन्हा भरावा लागला. 2023 च्या योजनेचा खरा दोष असा की, 50 लाखांवरील थकबाकीत अविवादित (ज्यावर वाद नाही असा) कर पूर्ण भरावा लागत होता. त्याखाली मात्र सगळ्यांना सरसकट 20 टक्क्यांचा पर्याय खुला होता. बुडव्या आणि अडकलेला, दोघांना एकच दर!

धुळेकर:
हा भेद मला पटतो. मग योजना कशाला? हप्त्यांची कायमची सोय द्यावी. जीएसटीत कलम 80 खाली 24 मासिक हप्ते मागता येतातच.

चोपडेकर:
मागता येतात, पण विवरणपत्रात स्वतः दाखवलेल्या करासाठी नाही आणि रक्कम 25,000 रुपयांपेक्षा कमी असली तरीही नाही. व्याज चालूच राहते, आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या जिनिंगवाल्याला पावसाळ्यात दरमहा हप्ता कुठून जमणार? हंगामानुसार हप्ते मिळणार असतील, तर मी योजनेचा आग्रह सोडायला तयार आहे.

करसल्लागार, जळगाव:
व्याज आणि शास्ती माफ करून मूळ कर पूर्ण घेण्याचा मार्ग जीएसटीच्या कलम 128अ ने दाखवला होता. 2017-18 ते 2019-20 या वर्षांच्या, फसवणुकीचा आरोप नसलेल्या मागण्यांसाठी मूळ कर भरण्याची मुदत 31 मार्च 2025 होती. धुळेकरांच्या आक्षेपाला तेथे बऱ्यापैकी उत्तर मिळते, कारण मुद्दल कोणालाच सुटलेले नाही. परंतु सी फॉर्मच्या प्रकरणात मुद्दलच वादाचे असते. त्यामुळे ज्यांची अपिले प्रलंबित आहेत आणि ज्यांच्या हाती फॉर्म उशिरा का होईना आले आहेत, त्यांनी नव्या योजनेची वाट न पाहता, उशिराचे पुरेसे कारण दाखवून ते अपिलातच दाखल करण्याची परवानगी मागावी.

धुळेकर:
या मार्गाला माझा विरोध नाही. सरसकट 20 टक्क्यांना आहे, आणि तो राहील.