मदत हवी आहे: नॉर्वेत अ‍ॅल्युमिनियमवर पीएचडी

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण पुण्यात मेटलर्जीत एमटेक करतेय, प्रबंध ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या एजिंगवर (६०६१ हा एक मिश्रधातू; एजिंग म्हणजे तो ठरावीक तापमानाला ठेवून मजबूत करणं). फार जीव लावून काम करते. तिला ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठात पीएचडी करायची आहे. तिथे पीएचडी म्हणजे पगारी नोकरीच: साधारण ३ वर्षं, शिकवण्याचं काम जोडलेलं असेल तर ४. त्यामुळे जागेची जाहिरात निघाली की रीतसर अर्ज करायचा. आमच्या ओळखीत या वाटेने गेलेलं कुणीच नाही. जाहिरातीआधीच प्राध्यापकांना मेल करावा का? मधली २ वर्षं ती एक्स्ट्रूजन (धातू साच्यातून दाबून लांब पट्ट्या, नळ्या काढणं) कारखान्यात होती, तो अनुभव निवडीत धरतात का? पुढे तिथल्याच उद्योगात नोकरी हवी तर नॉर्वेजियन कितपत यावी लागते? जर्मनीत गेस्टहाख्टच्या संशोधन केंद्रात मॅग्नेशियमवर काम करणारं कुणी असेल, तर तुमचाही अनुभव नक्की सांगा.