एक्स-रे सरळ, तरी वाटी का सरकते?

‘गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेमध्ये कृत्रिम सांधा सरळ दिसतो, म्हणजे तो नीटच बसला असणार,’ असे म्हटले जाते; त्या विधानात थोडी भर घालावीशी वाटते. उभे राहून काढलेल्या, खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या लांब एक्स-रेवर पायाचा अक्ष (खुबा, गुडघा आणि घोटा किती सरळ रेषेत आहेत ते) चांगला मोजता येतो आणि तो सरळ रेषेपासून 3 अंशांच्या आत असावा, हा संकेत जुना आहे (अलीकडे त्यावरही वाद आहे, पण तो वेगळा विषय). मात्र गुडघा किंचित वाकलेला असताना पाय आत किंवा बाहेर वळला, तर हाच आकडा बदलतो. म्हणून फिल्म हाती आली की एक्स-रे काढताना पाय वळलेला नव्हता ना, हे कळण्यासाठी आधी गुडघ्याची वाटी मध्यभागी आहे का, हे पाहावे.

खरी अडचण आहे ती कृत्रिम सांध्याच्या दोन भागांच्या (एक मांडीच्या हाडावर, एक नडगीवर) स्वतःभोवतीच्या फिरकीची. ती समोरच्या एक्स-रेवर मोजता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. बर्जर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूचा उंचवटा आणि आतल्या बाजूचा खळगा जोडणारी रेषा काढून तिच्याशी त्या हाडावर बसवलेल्या धातूच्या भागाच्या मागच्या कडांचा कोन मोजतात. नडगीवरचा भाग तिच्या पुढच्या उंचवट्याच्या संदर्भाने पाहतात. दोन्ही भागांची मिळून जादा आतली फिरकी 1 ते 4 अंश असली तर वाटी कलते आणि 7 ते 17 अंशांवर ती निखळण्यापर्यंत मजल जाते, असे त्यांना आढळले.

धातूमुळे सीटीवर पट्टे उमटतात आणि तो आतला खळगा त्यांत हरवला, की दोन निरीक्षकांचे आकडे जुळत नाहीत. अहवालात ‘4 अंश’ लिहिलेले असेल, तर ते कोणत्या खुणांवरून मोजले, हे अवश्य विचारावे.