बिल्ड स्क्रिप्ट उबंटूवर चालते, मॅक आणि डब्ल्यूएसएलवर अडते

वर्धारोड: मिहानमधल्या ऑफिसात एकाच रेपोवर (कोडच्या साठ्यावर) तीन प्रकारच्या मशीन आहेत: उबंटू, एम-सिरीजचा मॅक आणि विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स). मॅकवर 'सेड -आय'ची (फाईलमधला मजकूर जागीच बदलणाऱ्या कमांडची) ओळ "इनव्हॅलिड कमांड कोड व्ही" म्हणून थांबते. डब्ल्यूएसएलमध्ये पहिल्याच ओळीला "बॅड इंटरप्रिटर", त्यात ^एम दिसतं. तीन स्क्रिप्ट कराव्या, की 'यूनेम -एस' (सिस्टीमचं नाव सांगणारी कमांड) बघून फाटे फोडावे?

बर्डी_शेल: तीन नको भाऊ. एक दुरुस्त होते, दोन तशाच राहतात. अन् यूनेमनं इथे काही साधणार नाही, डब्ल्यूएसएलही 'लिनक्स'च सांगतो.

मॅकचा सेड बीएसडी या युनिक्सचा, लिनक्सवरच्यापेक्षा वेगळा. त्याला -आयपुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन लागतंच. ते दिलं नाही म्हणून त्यानं तुमचा पॅटर्नच एक्स्टेन्शन धरला आणि फाईलचं नाव कमांड म्हणून वाचलं. फाईल 'व्हर्जन.एच' आहे ना? तोच तो व्ही. '-आय.बॅक' असं मध्ये स्पेस न सोडता लिहा, दोन्हीकडे चालतं. मागे राहिलेली .बॅक फाईल आरएमनं उडवा.

^एम म्हणजे विंडोजच्या गिटनं ओळींच्या शेवटी घातलेला सीआर (ओळ संपल्याचं विंडोजचं जादा चिन्ह). .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये '*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ' टाका, 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .' करा, कमिट करा.

वर्धारोड: सेड सुटला. कमिटही केलं, पण ^एम जागचं हलत नाही.

बर्डी_शेल: रीनॉर्मलाइझनं फक्त इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी गिटनं ठेवलेली नोंद) बदलतो, डिस्कवरची फाईल जुनीच राहते. ती डिलीट करून 'गिट चेकआऊट'नं परत आणा.

मेकफाईलवाला: मॅकवर पुढचे खड्डे आत्ताच बुजवा. तिथला बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) ३.२ आहे, 'डिक्लेअर -ए' (कॅपिटल ए, नावानं किंमत शोधायची यादी) त्यात नाही, ते ४ मध्ये आलं. प्रोसेसर मोजायला एनप्रॉकवर विसंबू नका, 'गेटकॉन्फ _एनप्रोसेसर्स_ओएनएलएन' दोन्हीकडे मिळतं. होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकलमध्ये, एम-सिरीजवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये; पाथ हातानं लिहू नका, 'ब्रू --प्रिफिक्स'ला विचारा.

उद्या नेटिव्ह विंडोज (डब्ल्यूएसएलशिवाय) आलं तर हातानं लिहिलेलं '-एलडीएल' (डीएल लायब्ररी जोडायला सांगणारा फ्लॅग) लिंकरला अडवेल. बिल्डची जुळणी ऑटोकॉन्फनं होत असेल तर एसी_सर्च_लिब्सनं डीएलओपन (प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) शोधा, सीमेक असेल तर सीमेक_डीएल_लिब्स वापरा. ओएसचं नाव विचारण्यापेक्षा हवं ते फंक्शन आहे का, हे तपासलेलं बरं.

वर्धारोड: चेकआऊटनं ^एम गेलं. '-एलडीएल' दोन मेकफाईलमध्ये सापडलं, काढतो.