हुमायूनच्या मकबऱ्यावर सहा टोकांची चांदणी कशी?

मीनल_ठाणे: नुकतीच दिल्लीला जाऊन आले. हुमायूनच्या मकबऱ्यात कमानींच्या वर, लाल दगडात पांढऱ्या संगमरवराची सहा टोकांची चांदणी बसवली आहे. ग्रुपमधले एक काका म्हणाले, ही तर इस्रायलची खूण. दुसऱ्यांनी ती तांत्रिक यंत्र ठरवली. जाणकारांनी नीट सांगावं.

नाणेवेडा: मीनलताई, दोघांनीही घाई केली. मुसलमानी मुलखांत ही खूण सुलेमानी मोहर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हजरत सुलेमान म्हणजे बायबलातला शलमोन राजा. त्याच्या अंगठीवर ही मोहर होती आणि तिच्या जोरावर जिन्न त्याच्या हुकमात होते, अशी आख्यायिका.

माझ्याकडे मोरोक्कोचं एक ओतीव ब्राँझचं फलूस, म्हणजे हलक्या किमतीचं नाणं आहे. एका बाजूला हीच चांदणी, दुसऱ्या बाजूला हिजरी साल १२८८, म्हणजे इसवी सन १८७१-७२. सुलतान मुसलमान आणि रोजच्या बाजाराचं नाणं! ज्यूंसाठी स्वतःचा देश मागणाऱ्या झिओनिस्ट चळवळीने ही चांदणी झेंड्यावर घेतली ती १८९७ च्या तिच्या बाझेल परिषदेच्या सुमारास. मकबरा त्याआधी तीनशे वर्षांचा. आजचा झेंडा बघून जुन्या इमारतीचा निवाडा करू नये, एवढं मला कळकळीने सांगायचंय. षट्कोन आपल्या यंत्रांतही आहे, तेव्हा इथल्या कारागिरांना तो परका वाटला नसणार.

मीनल_ठाणे: मग मूळ अंगठीवर चांदणीच होती का?

नाणेवेडा: जुन्या कथांत चांदणी नाही. तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, अंगठीवर देवाचं नाव कोरलेलं आहे, आणि तिच्याच बळावर अश्मदाई हा भुतांचा राजा साखळदंडात अडकतो. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस तर अशाच एका अंगठीच्या मोहरेखाली शलमोनाने सांगितलेली एक मुळी असल्याचं सांगतो. एलाझार नावाच्या ज्यू माणसाने रोमन सेनानी (पुढे सम्राट) व्हेस्पेशियनसमोर आपली ती अंगठी झपाटलेल्याच्या नाकाशी धरली आणि भूत नाकपुड्यांतून ओढून काढलं. ते खरंच गेलं हे लोकांना पटावं म्हणून जवळ पाण्याचं भांडं ठेवलं होतं. जाता जाता ते उलथव, असा भुताला हुकूम! चांदणी मागाहून आली, कधी पाच टोकांची, कधी सहा. युरोपातल्या मंत्रतंत्राच्या पोथ्यांनीही ती उचलली.

दर्याकिनारी: आमच्या रत्नागिरीच्या घरात नानी ही गोष्ट सांगायची. सखर नावाच्या जिन्नाने अंगठी पळवली आणि सुलेमान नबींचं रूप घेऊन चाळीस दिवस तख्तावर बसला. खऱ्या नबींना कुणी ओळखेना, ते कोळ्यांकडे मजुरीला लागले. शेवटी जिन्नाने अंगठी समुद्रात फेकली, माशाने गिळली, आणि मजुरीत मिळालेल्या माशाच्या पोटात ती त्यांनाच सापडली. कुराणात अंगठीचा उल्लेख नाही. ही भाष्यकारांनी सांगितलेली कथा, आणि त्यांतल्याही बऱ्याच जणांना ती मान्य नाही. नानी हेही न चुकता सांगायची.

नाणेवेडा: सुंदर! पाच टोकांची पाहायची असेल तर मोरोक्कोचा झेंडा बघा. १९१५ मध्ये त्यावर आलेली हिरवी चांदणी सुलेमानी मोहरच म्हणवते.